बसून राहणाऱ्याचे पाय : मचाणावरच्या थंडीसाठी बूट

मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर जाणारा नागपूरचा पारा २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंशांवर उतरला होता. दर वर्षी एवढी थंडी पडत नाही, पण डिसेंबर-जानेवारीत आठ-दहा अंशांच्या पहाटा नेहमीच्याच. त्यातही शहराबाहेर उघड्या वावरात किंवा नाल्याकाठच्या खोलगटात गार हवा साचते आणि तिथला गारठा घरच्या थर्मामीटरवर कळत नाही. पायांच्या थंडीबद्दल आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रे वेगवेगळ्या लोकांची आहेत, पण तक्रार एकच : चालेपर्यंत पाय ठीक, बसलं की बधिर.

बऱ्याच पत्रांत 'शिकारीचे बूट' हा शब्द आहे. हे बूट त्याच नावाने विकले जातात, कारण अमेरिका-कॅनडात झाडावर बैठक बांधून हरणाची वाट पाहत तासन्‌तास बसणाऱ्यांचा त्यांच्या घडणीत मोठा वाटा आहे. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे. इथे मचाणावर बसतो तो पिकाची जागल करणारा शेतकरी, प्राणी-पक्षी पाहणारा, फोटो काढणारा किंवा वनखात्याचा माणूस. त्याच्या कामाला यातले कोणते बूट येतील आणि कोणते येणार नाहीत, ते खाली सांगितले आहे.

प्रश्न : कऱ्हांडल्याच्या बाजूला एका मचाणावर पहाटे पाच ते नऊ फोटोसाठी बसतो. ऑनलाइन बुटांवर २००, ४००, ८००, १००० ग्रॅम असे आकडे असतात. हे बुटाचे वजन का? माझ्यासाठी कोणता आकडा बरा? (उमरेड)

उत्तर : ते बुटाचे वजन नाही. बाहेरचे कातडे आणि आतले अस्तर यांच्या मध्ये बारीक कृत्रिम धाग्यांचा एक थर असतो. थिन्स्युलेट हे त्यातले सर्वांत परिचित नाव. त्या थराचा एक चौरस मीटर तुकडा किती ग्रॅम भरतो, तो हा आकडा. ग्रॅम वाढले की थर जाड होतो आणि त्यात जास्त हवा अडकून राहते. ऊब टिकवते ती ही अडकलेली हवा. बूट स्वतः उष्णता तयार करत नाही. रक्त पायापर्यंत जी उष्णता आणून देते, ती लवकर निसटू न देणे एवढेच त्याचे काम.

म्हणून बूट निवडताना पहिला प्रश्न थंडी किती, हा नसतो. तुम्ही चालणार किती आणि बसणार किती, हा असतो. शांत बसलेल्या माणसाचे शरीर साधारण शंभर वॅटच्या जुन्या बल्बाइतकी उष्णता बनवते. झपझप चालताना हीच तिप्पट-चौपट होते. त्यामुळे एकच बूट वाटेत घाम काढतो आणि मचाणावर अर्ध्या तासात गार पडतो. यात बुटाचा दोष नाही.

विदर्भातल्या पाच ते बारा अंशांच्या पहाटेसाठी हिशोब असा. नुसते चालायचे असेल तर बिनथराचा चांगला बूट आणि लोकरी मोजे पुरतात. चार तास बसायचे असेल तर २०० ते ४०० ग्रॅम. ८०० ग्रॅमचा बूट शून्याखाली बसणाऱ्याचा आणि १०००च्या वरचा बर्फात बसणाऱ्याचा. 'जास्त घेतलेला बरा' हा विचार इथे उलटतो. ८००चा बूट घालून गाडीपासून मचाणापर्यंत एक किलोमीटर चाललात की मोजा आतून ओला होतो. पाणी स्थिर हवेच्या जवळजवळ पंचवीस पट उष्णता वाहून नेते. म्हणजे महागाचा थर तुम्ही स्वतःच्या घामाने निकामी केला. तुमच्या कामाला २०० ग्रॅमचा बूट घ्या, फार तर ४००चा. थंडी लवकर लागण्याची तुमची प्रकृती असेल तरच ४००कडे जा. बुटावर छापलेल्या 'उणे ३० अंशांपर्यंत' अशा आकड्यावरून दोन कंपन्यांच्या बुटांची तुलना करू नका. मोजण्याची रीत कंपनीगणिक वेगळी असते आणि पुष्कळदा त्यात चालता माणूस धरलेला असतो.

आता ज्याकडे बहुतेक जण बघतच नाहीत, तो भाग : तळ. ग्रॅमचा थर बुटाच्या अंगाला असतो. तळव्याखाली तो असला तरी तुमच्या वजनाने दबतो, आणि दबलेल्या थरात हवा उरत नाही. दुकानात बूट हातात घेतला की सुकतळा बाहेर ओढा. तो दोन-तीन मिलिमीटरचा, कापड चिकटवलेला फोम असेल आणि दोन बोटांत दाबल्यावर कागदासारखा चपटा होत असेल, तर तो फेकून देण्याच्याच लायकीचा. त्या जागी पाच-सहा मिलिमीटरचा नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, सुकतळा घाला. मग बुटात हात घालून तळ चाचपा. टाचेपासून चवड्यापर्यंत खिळा, शिवण किंवा उंचवटा लागता कामा नये. बाहेरचा सोल जाड रबराचा, खोल खाचांचा आणि टाचेला स्पष्ट पायरी असलेला हवा. शिडीच्या दांड्यावर ही पायरीच अडकते. सपाट सोल दवाने ओल्या झालेल्या बांबूवरून सरकतो.

मचाणाचा तळही बघा. बांबूच्या फटींतून खालून वारा येतो आणि लोखंडी पत्रा पायातली उष्णता ओढून घेतो. पायाखाली तणस भरलेले पोते, चार घड्या केलेले तरट किंवा दहा मिलिमीटरचा योगासनाचा फोम ठेवा. दीड बाय दोन फुटांचा तुकडा पुरतो. या तुकड्याने जो फरक पडतो, तो २००चा बूट बदलून ४००चा घेतल्यानेही पडत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बसण्याची ढबही महत्त्वाची. फळीची कड मांडीच्या मागे रुतत असेल आणि पाय लोंबकळत असतील, तर पायाकडे जाणारे रक्त तिथेच अडते. आडवा बांबू बांधून पावलांना आधार द्या. गुडघा नितंबापेक्षा किंचित उंच राहील एवढी त्याची उंची असावी.

प्रश्न : आम्ही काटोल तालुक्यात राहतो. हरभरा आहे, गहू आहे. लाइन रात्रीची येते म्हणून ओलित रात्रीच करावे लागते. नंतर डुकरं आणि रोही (नीलगायी) येतात म्हणून मचाणावर जागल. गमबूट घालतो तरी पाय बर्फासारखे होतात. आत पाणी जात नाही, तरी मोजे ओले असतात. सोबतचे म्हणतात खर्रा किंवा थोडी घेतली की गरमी राहते. खरे काय? (काटोल)

उत्तर : मोजे ओले आहेत ते तुमच्याच घामाने. गमबुटाच्या प्लास्टिकमधून बाहेरचे पाणी आत येत नाही, तसा आतला घामही बाहेर जात नाही. बारे मोडताना, पाणी फिरवताना तुम्ही फावडे चालवता, पायाला घाम सुटतो. मग मचाणावर बसता. गमबुटाला ऊब धरणारा थर नसतो, त्याची पातळ भिंत गार पडते आणि घामाची वाफ तिच्यावर थेंब होऊन जमते. बूट उतरवून आत हात फिरवा, बोटे ओली होतील.

पण गमबूट सोडू नका. रात्रीच्या ओलितात सापापासून आणि चिखलापासून तोच वाचवतो. बदल आतून करायचा आहे.

पहिले काम : पुढच्या वेळी गमबूट एक नंबर मोठा घ्या. घरात जुनी, खऱ्या लोकरीची घोंगडी असेल तर तिचे सुकतळे करा. गमबुटातला सुकतळा कागदावर ठेवून आखा. घोंगडी दुहेरी करून, रेषेच्या दोन मिलिमीटर आतून कापा, कारण दाबाने ती पसरते आणि कड दुमडली की बोटांना टोचते. काठाने जाड दोऱ्याचा टाका घाला, नाही तर चार दिवसांत धागे सुटतील. असे दोन जोड करा. एक पायात, एक उन्हात. ओला सुकतळा दुसऱ्या रात्री तसाच घातला तर काहीच उपयोग नाही.

दुसरे काम मोज्यांचे. ओलित करताना एक जोड, मचाणावर चढताना दुसरा. कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून खिशात ठेवा. चढल्यावर गमबूट काढा, पाय जुन्या पंचाने बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करा, बुटाची आतली बाजू पुसा, मग नवे मोजे. पाच मिनिटांचे काम आहे, पण रात्रभराचा फरक पडतो. सुती मोजे मात्र नकोत. सूत पाणी धरून ठेवते आणि कातडीला चिकटते. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओलावा शोषूनही एकदम ओली लागत नाही.

मोजे बदलणे शक्यच नसेल तर एक जुनी युक्ती आहे. आधी पातळ नायलॉनचा मोजा, त्यावर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी, त्यावर जाड लोकरी मोजा. घाम पिशवीच्या आत राहतो, बाहेरची लोकर कोरडी राहते आणि ऊब टिकते. पाय ओलसर लागेल, पण गार नाही. हे तीन-चार तासांपुरतेच. सकाळी पिशवी काढून पाय धुऊन वारा लागू द्या, नाही तर बोटांत कुजायला लागते. रोज रात्री ही युक्ती करू नका.

ओल्या पायांकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे आहे. हिमदंश व्हायला शून्याखालची थंडी लागते, तो काटोलात होणार नाही. पण पाय तासन्‌तास ओले आणि गार राहिले तर दहा-पंधरा अंशांतही कातडी आणि नसा बिघडतात. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांचे पाय असेच गेले. पाऊल पांढरे, सुरकुतलेले, बधिर दिसले आणि ऊब मिळाल्यावर लाल होऊन ठणकू लागले, तर त्या रात्रीपासून ओलिताला दुसऱ्याला पाठवा आणि दवाखाना गाठा. बोटांवर लाल-जांभळे, खाजणारे फुगवटे येतात तो वेगळा आणि सौम्य त्रास. खाजवू नका, आणि एकदम शेकोटीजवळ पाय नेऊ नका. तापवण्याच्या घाईनेच तो वाढतो.

खर्ऱ्याबद्दल : तंबाखूतले निकोटीन कातडीजवळच्या बारीक रक्तवाहिन्या आखडवते. थंडीत शरीर आधीच हातापायांचे रक्त कमी करून छाती-पोटाकडे राखते. त्यात खर्रा म्हणजे नळ आणखी बंद करणे. दारूने उलटे होते. वाहिन्या पसरतात, कातडीला गरम वाटते, पण शरीराच्या आतली उष्णता बाहेर निघून जाते आणि तासाभराने माणूस आणखी गारठतो. शिवाय मचाणावरून उतरायचे असते. दोन्ही गोष्टी खालीच ठेवा. चढण्याआधी भाकरी-पिठल्याचे पोटभर जेवण आणि डोक्याला कानांवरून टोपी किंवा मफलर, एवढे करा. डोके, मान आणि मांड्या उबदार असतील तर शरीर पायाचे रक्त तोडत नाही. पायाच्या थंडीचे औषध पुष्कळदा पँटीत असते. साध्या पँटीवर वारा अडवणारी जुनी रेनकोटची पँट चढवून बघा.

प्रश्न : एकावर एक तीन मोजे घालूनही बोटे बधिर होतात. आणखी जाड बूट घेऊ का? (वर्धा)

उत्तर : एक मोजा काढा. तीन मोज्यांनी बूट घट्ट झाला आहे. घट्ट बुटात हवा राहत नाही आणि रक्तही फिरत नाही. आतला पातळ आणि बाहेरचा जाड लोकरी, असे दोन पुरेत, आणि बूट त्या दोन मोज्यांसकट मापून घ्यायचा.

माप संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडे फुगतात. लेस न बांधता पाय पुढे सरकवा, बोटे टोकाला टेकली की टाचेमागे एक बोट आत गेले पाहिजे. मग लेस बांधून उभे राहा आणि पाचही बोटे आत वरखाली हलवा. हलत नसतील तर बूट परत द्या, कितीही आवडला असला तरी. लेस चवड्यावर सैल आणि घोट्यावर घट्ट बांधावी. चालताना पाय सरकत नाही आणि बोटांना जागा मिळते. बसल्यावर घोट्याची गाठही एक पेड सैल करा. नंबरात घोळ होतो तो असा : आपल्या दुकानांत ब्रिटिश नंबर चालतो. पुरुषांच्या बुटात ब्रिटिश ८ म्हणजे साधारण अमेरिकी ९ आणि युरोपीय ४२. ऑनलाइन मागवताना कोणता नंबर लिहिला आहे ते आधी बघा, आणि सेंटिमीटरमध्ये पावलाची लांबी दिली असेल तर त्याच आकड्यावर विश्वास ठेवा.

मोजा खरेच लोकरी आहे का, हेही तपासा. 'वूलन' म्हणून मिळणारे पुष्कळ मोजे अॅक्रिलिकचे असतात. मोज्याच्या काठातून एक धागा ओढून चिमट्यात धरा आणि काडी लावा. लोकर नाखुशीने जळते, केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की विझते आणि राख बोटांत चुरडून भुगा होते. अॅक्रिलिक भरभर जळते, वितळते आणि काळा, टणक मणी राहतो. मिश्रण असेल तर दोन्हीचा अंश दिसेल. निम्म्याहून जास्त लोकर आणि थोडे नायलॉन, हे मिश्रण चांगले. शुद्ध लोकरीचा मोजा टाचेला लवकर विरतो.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो. तिथे त्याचे सहकारी परवाना काढून हरणाच्या शिकारीला जातात, तो पहिल्यांदाच सोबत जाणार आहे. झाडावरच्या बैठकीत दिवसभर बसायचे आहे. नागपूरहून जॅकेट नेले, बूट तिकडेच घेणार. काय सांगू? (धरमपेठ, नागपूर)

उत्तर : तिथला बंदुकीचा हंगाम नोव्हेंबरच्या उत्तरार्धात नऊ दिवसांचा असतो, आणि त्या दिवसांत पारा शून्याच्या बराच खाली जाऊ शकतो. इथे आम्ही १०००च्या पुढच्या ग्रॅमची शिफारस करतो, कारण माणूस सहा-आठ तास हलत नाही. त्याहून चांगला पर्याय म्हणजे खाली रबर, वर कातडे आणि आत नमद्याचा काढता-घालता येणारा मोज्याच्या आकाराचा थर असलेला बूट. तिकडे त्याला पॅक बूट म्हणतात. थर निघतो म्हणून रात्री हीटरपासून दूर वाळवता येतो. जादा थराचा एक जोड घ्यायला सांगा. शिवून टाकलेला थर रात्रभरात वाळत नाही आणि दुसऱ्या दिवशी सगळे व्यर्थ. अखंड रबराचे उंच बूटही तिथले लोक घालतात. कारण वेगळे आहे : कातड्यापेक्षा रबर वाटेवर माणसाचा वास कमी सोडते आणि हरणाचे नाक तिखट असते.

चूक होते ती वाटेत. जाड बूट घालून बर्फातून एक किलोमीटर चालले की मोजे भिजतात. त्याने हलके बूट घालून जावे, जाड बूट पाठपिशवीला बांधावेत आणि झाडाखाली कोरडे मोजे घालून मग बदलावेत. जाड बुटात शिडीचा दांडा पायाला नीट जाणवत नाही, म्हणून चढताना दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात, असे तीन आधार कायम असावेत. सामान आणि रिकामी केलेली बंदूक चढल्यावर दोरीने ओढून घ्यायची. सुरक्षा-पट्टा जमिनीवरच अंगावर चढवायचा आणि झाडाच्या दोरीला लावायचा, परत जमिनीवर पाय टेकेपर्यंत सोडायचा नाही. पडण्याचे अपघात पुष्कळदा चढता-उतरताना किंवा शिडीवरून बैठकीवर पाऊल टाकताना होतात.

गरम पुड्या मिळतात त्या दोन प्रकारच्या. आत लोखंडाची पूड, मीठ आणि कोळसा असतो. हवा लागली की लोखंड गंजते आणि गंजताना उष्णता सोडते. हाताच्या पुडीला भरपूर हवा लागते, ती बुटात घातली की विझते. बोटांसाठीची वेगळी, पातळ, चिकटपट्टीची पुडी कमी हवेत चालेल अशी बनवतात. ती मोज्यावर लावायची, कातडीवर कधीच नाही. पाकीट फोडून दहा मिनिटे उघडी ठेवायची आणि मग बूट घालायचा. मध्येच गार पडली तर बूट सैल करून हवा द्यायची, पुन्हा तापते. पुडीसाठी बुटात जागा उरते का, हे विकत घेतानाच बघावे.

बोटे दुखायची थांबली आणि काहीच जाणवेनासे झाले, तर 'आता बरे वाटतेय' असे समजू नये. त्या क्षणी खाली उतरून चालायचे. बोट पांढरे आणि कडक दिसले तर चोळायचे नाही, उबेत जायचे आणि डॉक्टर गाठायचा.

प्रश्न : वडील अडुसष्ट वर्षांचे, पंधरा वर्षांपासून मधुमेह. ऐकत नाहीत, हरभऱ्याच्या जागलीला जातात. 'मला पायाला थंडी वाजतच नाही' म्हणतात. त्यांना गरम पुड्या देऊ का? (कुही)

उत्तर : देऊ नका. थंडी वाजत नाही हीच काळजीची गोष्ट आहे. मधुमेहात पायाच्या नसा मंदावतात, मग थंडीसारखाच चटकाही कळत नाही. गरम पुडी, गरम पाण्याची पिशवी, शेकोटी, यांपैकी काहीही पायाजवळ नको. भाजल्याचे सकाळी फोड दिसल्यावर कळते.

काकांना बूट रुंद पंजाचा, आत शिवण नसलेला, एक नंबर मोठा द्या. मोज्याचा रबरी काठ पोटरीवर वळ उठवत असेल तर तो कात्रीने दोन जागी सैल करा. बूट घालण्याआधी दर वेळी उलटा करून झटका आणि आत हात फिरवा. खडा, काटा, विंचू, काहीही असू शकते, आणि त्यांना ते टोचलेले कळणार नाही. रोज रात्री उजेडात तळवे बघा, वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवून. लाल डाग, चीर, काळपट बोट दिसले तर हळद लावून वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि मनापासून सांगायचे तर, जागलीचे काम घरातल्या दुसऱ्या कुणी घ्यावे.

प्रश्न : सहा वर्षांपूर्वी मनालीसाठी महागडे बूट घेतले, तीन वेळा घातले असतील. यंदा माळ्यावरून काढले तर सोल बिस्किटासारखा चुरा होऊन पडला. दुकानदार म्हणतो वापरले नाहीत म्हणून झाले. असे कसे? (सदर, नागपूर)

उत्तर : दुकानदाराचे बरोबर आहे. उबदार आणि डोंगरी बुटांत बाहेरचे रबर आणि वरचे कातडे यांच्या मध्ये पुष्कळदा पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो. हवेतल्या बाष्पाने तो रासायनिकरीत्या तुटत जातो, उष्णतेत आणखी वेगाने. नागपूरचा माळा म्हणजे उन्हाळ्यात भट्टी आणि पावसाळ्यात दमट कोठी. वापरात असलेला बूट दबतो, त्याला वारा लागतो. पडून राहिलेल्या बुटात ओल तशीच राहते. खोक्यात, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवला असेल तर नुकसान लवकर.

कातडे शाबूत असेल तर चांगला मोची जुना थर खरवडून नवा सोल चिकटवून आणि शिवून देऊ शकतो. त्याला रबराचा किंवा ईव्हीएचा (हा एक हलका फोम) सोल लावायला सांगा, हे दोन्ही असे चुरत नाहीत. शिवण मात्र हवी, नुसत्या सोल्यूशनवर ओल्या कामात भरवसा नको. नवा बूट घेताना सोल कशाचा हे विचारा, आणि स्वस्तात मिळणारा जुन्या साठ्यातला माल असेल तर टाच दोन अंगठ्यांनी जोरात दाबा. चिकट लागली, बारीक चिरा दिसल्या किंवा दाबलेला खड्डा तसाच राहिला तर सोडून द्या.

हंगाम संपला की बूट असे ठेवा. लेस आणि सुकतळे काढा. चिखल कोरड्या ब्रशने झाडा, मग ओल्या फडक्याने पुसा. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तीन-चार तासांनी बदला, असे दोन दिवस सावलीत. चुलीजवळ किंवा हीटरपुढे वाळवाल तर कातडे तडकेल आणि सोलचा गोंद सुटेल. पूर्ण वाळल्यावर कातड्याला पातळ मेण लावून कापडी पिशवीत, खालच्या खोलीतल्या कपाटात ठेवा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा बाहेर काढा, पायात घालून घरात दहा मिनिटे फिरा.

प्रश्न : फेब्रुवारीत हिमबिबट्या पाहायला लडाखला, हेमिस राष्ट्रीय उद्यानात जातोय. पेंचसाठी घेतलेले ४०० ग्रॅमचे बूट चालतील का? (नागपूर)

उत्तर : दिवसा चालताना चालतील. दुर्बिणीपाशी तासन्‌तास उभे राहायला आणि उणे वीसच्या आसपासच्या रात्रीला चालणार नाहीत. सुटा थर असलेले उंच बूट लागतात. आठ दिवसांसाठी विकत घेण्यापेक्षा लेहमध्ये भाड्याने घ्या. नागपुरात ते पुन्हा कधी घालणार? जाताना आपले जाड लोकरी मोजे, नमद्याचे सुकतळे आणि पायाखाली ठेवायचा फोमचा तुकडा न्या. रात्री सुटा थर झोपायच्या पिशवीत आपल्याजवळ ठेवा. बाहेर ठेवलात तर सकाळपर्यंत घाम आत गोठतो.

प्रश्न : उघड्या जिप्सीत सकाळच्या सफारीला मुलांचे पाय फार गारठतात. त्यांना असे बूट घ्यावेत का? (मनीषनगर, नागपूर)

उत्तर : वाढत्या पायाला कशाला एवढा खर्च. शाळेचेच बंद बूट, आत एक लोकरी मोजा, आणि गुडघ्यांपासून पावलांपर्यंत एक ब्लँकेट नीट खोचून द्या. आठ अंशांत ताशी ४० किलोमीटरने गाडी गेटकडे निघाली की उघड्या कातडीला तीन अंशांइतके गार लागते, म्हणून त्या टप्प्यात हात, नाक आणि कानही झाका. मुलांचे पाय जिप्सीच्या लोखंडी तळावर ठेवू नका, खाली बॅग किंवा घडी केलेली सतरंजी ठेवा. गेटवर थांबाल तेव्हा त्यांना खाली उतरवून दोन मिनिटे उड्या मारू द्या.